पिटुकली आणि डालग्यातला कोळसा

एक होती पिटुकली. कोंबडीचं इवलंसं पिल्लू. कालच अंड्यातून बाहेर आलेली. तिची भावंडं मात्र अजून अंड्यातच होती. आई डालग्यात बसून त्यांना ऊब देत होती.

सगुणाकाकीने अंड्यांजवळ एक कोळसा ठेवला होता. "कोळसा असला, की ढग गडगडले तरी अंडी बिघडत नाहीत," असं काकी म्हणायची.

आई जराशी हलली. कोळसा घरंगळला. थेट मोरीत. डुबुक! पाण्याबरोबर वाहूनच गेला.

दूर ढग वाजले. गुडगुड!

"अगं बाई! आता माझ्या अंड्यांचं काय?"

"तू बस, आई. मी आणते कोळसा."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"चूलताई, चूलताई, कोळसा दे. आईचा जीव थाऱ्यावर येईना!"

"आधी लाकूड आण, मग देते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"आंबेदादा, आंबेदादा, लाकूड दे. चूल कोळसा देईना, आईचा जीव थाऱ्यावर येईना!"

"मुळं सुकली गं. आधी पाणी आण, मग देतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"विहीरआत्या, विहीरआत्या, पाणी दे. आंबा लाकूड देईना, चूल कोळसा देईना, आईचा जीव थाऱ्यावर येईना!"

"आधी शेंदायला काकीला आण, मग देते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

काकी परसात होती. दुधीच्या वेलापाशी वाकलेली.

"काकी, काकी, पाणी शेंद. विहीर पाणी देईना, आंबा लाकूड देईना, चूल कोळसा देईना, आईचा जीव थाऱ्यावर येईना!"

"येते गं बाळा. पण वेलाला अळ्या लागल्यात बघ. आधी त्या वेचते."

"अळ्या?"

पिटुकलीने मान तिरकी केली. एक हिरवी अळी टिपली. टिप्! अहाहा! टिप् टिप् टिप्! वेल झाला साफ. पोट झालं टम्म.

काकी हसली. पोहरा घेऊन निघाली.

काकीने पाणी शेंदलं. खळखळ!
आंबा पाणी प्याला. गटगट!
आंब्याने वाळकी फांदी टाकली. कडाड!
चुलीत लाकूड पेटलं. धडधड!
लाकडाचा कोळसा झाला. काकीने पाणी शिंपडलं. चुर्रर्र!

कोळसा गार झाला. पिटुकलीने छोटासा तुकडा चोचीत धरला. तुरुतुरु, तुरुतुरु. डालग्यात नेऊन ठेवला.

पुन्हा ढग वाजले. गुडगुड!

"वाजू देत," आई म्हणाली. "ये गं माझी गुणाची."

आईने पंख उचलला. पिटुकली आत शिरली. आत कसं मऊ मऊ, गरम गरम.

इतक्यात तिच्या कानाशी वाजलं, टक्! टक् टक्!

एक अंडं तडकलं. ओली ओली चोच बाहेर आली.

"चिव?"

पिटुकली थोडी सरकली. बाळाला जागा दिली.

आता ती ताई झाली होती.