जाळेवाल्याची बारकी पापं

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका ख्रिस्ती गावात जाळी विणणारा एक माणूस राहायचा. दर शनिवारी तो चर्चमध्ये जाऊन फादरांपुढे पापनिवेदन करायचा. मांजरीला काठी मारली, बायकोवर खेकसलो, प्रवचनात डुलकी लागली. यादी संपली तरी तो गुडघ्यांवरच घुटमळायचा आणि मग उठून जायचा. बारकी पापं सांगायला त्याची जीभ भारी सैल होती.

मोठं पाप मात्र पोटातच होतं. शेजारी दोन भाऊ राहायचे. त्यांना रोज भरघोस मासळी मिळायची, ते त्याला बघवत नव्हतं. एका दुपारी धाकट्या भावाने किनाऱ्यावर वाळत घातलेलं जाळं जाळेवाल्याने सुरीने फाडलं. थोरल्याला वाटलं, धाकट्याने निष्काळजीपणे ते खडकावरून ओढलं असणार. धाकटा शपथा घेत राहिला, पण थोरल्याने त्याला होडीवरून उतरवलं.

आणि ते जाळं सांधायला आलं याच गृहस्थाकडे! त्याने मान खाली घालून ते सांधलं. थोरल्याने आभार मानून पापलेटांची जोडी दिली. ती काही त्याच्या घशाखाली उतरली नाही.

तीन महिन्यांनी होड्यांना आशीर्वाद देण्याचा सण आला. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या होडीत एकत्र बसतं, अशी गावची रीत. धाकट्याने मात्र सणाच्या आधीच बोचकं बांधलं. तो परक्या बंदरात मजुरीला निघाला होता, कायमचा. त्याच्या आईने जाळेवाल्याच्या ओट्यावर बसून डोळे पुसले, तेव्हा याच्या काळजात चर्र झालं. शनिवारची वाट न बघता तो चर्चकडे धावला.

"फादर, ते जाळं मी फाडलं," तो म्हणाला.

आता आपल्याला हाकलून देणार, असंच त्याला वाटलं. पण फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. प्रभूने क्रुसावरून स्वतःला मारणाऱ्यांसाठीही क्षमा मागितली, तो तुला कसा लोटून देईल, असं सांगून त्यांनी देवाच्या नावाने त्याला पापमुक्त केलं. तो हुंदके देऊन रडला. कित्येक दिवसांत त्याला असा मोकळा श्वास घेता आला नव्हता.

डोळे पुसल्यावर त्याने हळूच विचारलं, "मग आता शेजारी सांगायला नको ना?"

फादरांना हसू आलं. "देवाने तुला सोडवलं. त्या धाकट्याला कोण सोडवणार?"

तो थेट शेजारच्या घरी गेला. धाकटा बोचकं उचलतच होता. जाळेवाल्याने आई आणि दोन्ही भावांसमोर सगळं कबूल केलं. थोरल्याने हात उगारला, मग खाली घेतला आणि धाकट्याच्या गळ्यात पडून रडू लागला.

सणाच्या दिवशी दोघे भाऊ आईला घेऊन होडीत बसले. जाळेवाला लांब वाळूत उभा होता. थोरला त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "जागा आहे. ये, बस."

तात्पर्य: देव पदरात घेईल की नाही, याची भीती बाळगू नये, पाप सांगून टाकावं. आणि क्षमा मिळाली की आपल्या पापाची शिक्षा जो भोगतोय, त्याच्या दारी आधी जावं.