दोराच्या टोकाचं लाल सूत

डोंगराच्या पायथ्याला एका गावात दोर वळणारा एक कारागीर राहत होता. त्याच्या दोराला पंचक्रोशीत तोड नव्हती. गावाची एक जुनी रीत होती. दोर वळून झाला की वळणाऱ्याने तो चिंचेच्या फांदीला बांधायचा, स्वतः त्याला लोंबकळायचं आणि तुटला नाही तरच टोकाला लाल सूत गुंडाळायचं. लाल सूत दिसलं की घेणारा दोर ओढूनसुद्धा बघत नसे.

एका वर्षी भिजत घातलेली अंबाडी पाण्यात चार दिवस जास्त राहिली. तिचा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, मऊ पडला, चिमटीत धरून ओढला तरी तुटायचा. कारागिराला हे कळलं होतं. पण बाजाराचा दिवस उजाडला होता आणि पुन्हा सगळं वळत बसायचं त्याच्या जिवावर आलं.

"चिंचेला लोंबकळून बघितलंत का?" बायकोने विचारलं.

"कडबेवाला नेणार आहे. पेंढ्या बांधायला चालतो. कडब्याला काय जीव असतोय?" असं म्हणून त्याने लाल सूत गुंडाळलं. गुंडाळताना बोटं जराशी अडखळली, पण आपल्याच बोटांचं कोण ऐकतं.

बाजारानंतर पाचव्या दिवशी सकाळी बायको पाणी घेऊन आली. "खालच्या वाडीत विहिरीचा गाळ काढतायत," ती म्हणाली. "गाळवाल्याचा दोर झिजला होता म्हणे. कडबेवाल्याने त्याला आपल्याकडून नेलेला नवा दोर दिलाय."

ती विहीर कारागिराने पाहिली होती. सहा पुरुष खोल.

तो उठला आणि परत बसला. 'मी त्या माणसाला दोर विकलाच नाही,' तो मनाला समजावू लागला. 'त्याची माझी तोंडओळखसुद्धा नाही. आणि जाऊन सांगितलं, तर उद्या माझ्या लाल सुतावर कोण विश्वास ठेवेल?' चुलीवर चढवलेला भात शिजून उतरला, तेवढा वेळ तो तसाच बसून राहिला. पण त्याच्या कानात दोर करकरू लागला. कान झाकले तरी करकर थांबेना. शेवटी तो उठला आणि पळत सुटला.

वाटेत दोनदा ठेच लागली. 'अजून उतरला नसेल, अजून उतरला नसेल,' एवढंच तो म्हणत होता.

गाळवाला उतरला होता. काठावर चार माणसं दोर सोडत होती आणि आतून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. दोर काठाच्या दगडावर घासत होता, तिथे एक पीळ सुटलेला कारागिराला दिसला. त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा सुटला.

"वर घ्या," तो कसाबसा म्हणाला. "हळू घ्या. दोर कुजका आहे."

आतलं गुणगुणणं थांबलं. माणसांनी दोर हातभर ओढला, दोन हात ओढला आणि तो तुटला.

तळाशी गाळ होता म्हणून गाळवाल्याचा जीव वाचला. पाय मात्र मांडीत मोडला.

वाडीत एक म्हातारी होती, तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. सगळे तिच्यापुढे बसले. कारागिराने काही लपवलं नाही, भात शिजेपर्यंत बसून राहिल्याचंही सांगितलं. मग म्हणाला, "पण आजी, मी दोर कडब्यासाठी दिला होता. माझ्या मनात पाप नव्हतं."

"पाप असतं तर वेगळं बोलले असते," म्हातारी म्हणाली. "लाल सूत काय फक्त कडबेवाल्याला दिसतं? दोर हातोहात फिरतो, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"सावध माणसाने काय केलं असतं?"

"चिंचेला लोंबकळला असता."

"आणि भात शिजायच्या आधी निघाला असतास, तर हा आज काठावर उभा असता." म्हातारीने गाळवाल्याच्या पायाकडे पाहिलं. "तुला मारून ह्याचा पाय जुळत नाही. तुझ्यामुळे ह्याचं जे गेलं, ते तू भरून द्यायचं. ह्याच्या अजून तीन विहिरी बाकी आहेत. पाय जुळेपर्यंत त्यात तू उतरायचं, तू वळलेल्या दोराने. त्याचं पोट त्या कामावर आहे, ते चालू राहिलं पाहिजे."

कारागिराने चांगली अंबाडी आणली, नवा दोर वळला आणि चिंचेला एकदा नाही, सात वेळा लोंबकळला. तरीही पहिल्या विहिरीत उतरताना जरा करकर ऐकू आली की तो डोळे मिटून घेई. काठावर खाट टाकून गाळवाला बसला होता.

"भीती वाटते का, दादा?" त्याने वरून विचारलं.

"वाटते," खालून आवाज आला. "फार वाटते."

"मला त्या दिवशी वाटली नव्हती," गाळवाला म्हणाला. "मी लाल सूत बघून उतरलो होतो."

तात्पर्य: आपल्या हातचं काम ज्याच्या जिवाला जाऊन भिडतं, तो आपला शेजारीच, त्याचं तोंड आपण कधी पाहिलं नसलं तरी त्याची काळजी आपल्यावर असते.