चौदा पेडलं आणि चार सूर

मिरजेच्या एका ऑर्केस्ट्राला एकच गिटारवादक हवा होता. निवडीच्या दिवशी पराग हेर्लेकर गिटारचा आवाज बदलणारी, घुमवणारी, पायाने दाबायची चौदा पेडलं घेऊन आले. पाऊण तास वायरी जोडल्या आणि आठवणीने गिटारही जोडली. मग निवडीसाठीच साधी गिटार घेऊन बसलेल्या नसीम सनदीला म्हणाले, “बाई, पेडलांशिवाय गिटार म्हणजे बिनमसाल्याची आमटी! तुम्ही वाजवाल ते मी दसपट भारी वाजवतो.”

नसीमने चार सूर छेडले आणि तारांवर तळवा ठेवला. आवाज तिथल्या तिथे थांबला.

“वाजवा अगदी असंच,” ती म्हणाली.

हेर्लेकरांनी सूर छेडले, तळवाही ठेवला. पण आवाज घुमतच राहिला. ते घाईघाईने पेडलं दाबत सुटले, तसे नवनवे आवाज निघू लागले.

नसीम अदबीने म्हणाली, “सर, तुमचं वाजवून झालं हे आम्हाला कळलं. आता तेवढं पेडलांनाही कळवा.”