गव्याच्या ठशात बसलेली सायाळ

सागाच्या एका जंगलात, उभ्या टेकडीच्या पायथ्याशी, एक सायाळ आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. स्वभावाने ती हट्टी होती. एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की तिच्या अंगावरचे काटे आडवे व्हायचे नाव घेत नसत. मात्र चालीला होती मंद. ती चालू लागली की काट्यांचा असा खळखळाट होई, की पाणवठ्यावर ती पोचण्याआधी तिची बातमी पोचे. मग सगळे जंगल घाईघाईने पाणी पिऊन, तुडवून, ढवळून मोकळे होई, आणि सायाळीच्या पिल्लांच्या वाट्याला उरे तो चिखल.

त्या जंगलाचा एक रिवाज होता. पळस फुलला की टेकडीच्या माथ्यापासून पाणवठ्यापर्यंत धावगाड्यांची शर्यत लागे. जो पहिला येई, त्याच्या घरच्यांना पुढचे वर्षभर पाण्यावर पहिला मान. बाकीच्यांनी मागे उभे राहायचे, मग तो वाघ का असेना. धावगाडी म्हणजे काय विचाराल, तर बैल नाही, घोडा नाही. नुसती चार चाके, एक बैठक आणि पुढच्या चाकांना बांधलेला वळवायचा दोर. ती बनवत असे म्हातारा सुतारपक्षी. त्याच्या हातची, म्हणजे चोचीची, गाडी उतारावर सुटली की तिची सावली मागे राही आणि संध्याकाळी धापा टाकत घरी येई, असे ससे शपथेवर सांगत. आणि ससे कशाला खोटे बोलतील?

पण सुतारपक्ष्याकडे गाडी अशी चुटकीसरशी मिळत नसे. आधी माप द्यावे लागे. तळ्याकाठच्या ओल्या मातीत गिऱ्हाइकाने ऐसपैस बसायचे आणि मग उठायचे. खाली जो ठसा उमटेल, तो उन्हात वाळवून सुतारपक्षी त्या मापाची बैठक कोरी आणि त्याच वजनाला पेलतील अशी चाके बसवी. सगळ्या जंगलाच्या बुडांचे ठसे काठावर ओळीने वाळत पडलेले असत. तीच रांग. एका टोकापासून सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकाला जायचे, मधला ठसा सोडायचा नाही, आणि वर्षाला नवी गाडी एकच, असा सुतारपक्ष्याचा कायदा होता; बाकीचे तोवर आपल्या जुन्या गाड्यांवर धावत. गव्याचा ठसा तळ्याएवढा खोल होता, सशाचा वाटीएवढा, आणि सायाळीचा चाळणीसारखा भोकाभोकांचा.

"सुतारदादा, यंदाच्या पळसाला माझी गाडी होईल ना?" सायाळीने विचारले.

सुतारपक्ष्याने चोच पुसली. "यंदा गव्याची होईल. तुमची पुढच्या पळसाला."

"पुढच्या! अहो, माझ्या पोरांनी सगळ्या जंगलाला सांगून ठेवलंय."

"मग पोरांना सांगा, आणखी एकदा सांगून या," सुतारपक्षी म्हणाला आणि ठकठक करू लागला.

पोरांनी खरोखरच सांगून ठेवले होते. "आमची आई यंदा पहिली येणार, मग तुम्ही सगळे आमच्या मागे," असे धाकट्याने अस्वलाला तोंडावर सुनावले होते. आता माघार घ्यावी तर जंगलभर हसे, आणि वर अजून एक उन्हाळा चिखलाचा.

सायाळ अशी मान खाली घालून परत निघाली होती, तोच कोल्हा आडवा आला. हा कोल्हा स्वतः गाडी कधी चालवत नसे. दुसऱ्याच्या गाडीवर आपले पोट चालवत असे.

"सायाळबाई, तोंड का उतरलंय? यंदाचीच गाडी हवी ना? मिळेल की! गव्याने आपला नंबर मला देऊन टाकलाय. त्याला मी मिठाचा खडक दाखवला. मीठ दिसलं की तो आईचं नावसुद्धा विसरतो."

"आणि मला काय द्यावं लागेल?"

"सुतारपक्ष्याचं त्याला द्यायचं, ते ठरलेलंच आहे. मला वरचं म्हणून तुमच्या बिळातले कंद. फार नाहीत, असतील तेवढे."

सायाळ दचकली. ते कंद उन्हाळ्याचे होते. ऊन चढले, जमीन दगडासारखी झाली, की खणून खणून नखे तुटतात आणि कंद लागत नाही. पिल्लांचा उन्हाळा त्या साठ्यावर जायचा होता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या मोर विचारायला येणार आहे," कोल्हा शेपटी झटकत म्हणाला. "माझं काय, मला कंद काय नि शेंगा काय!"

बिळाच्या तोंडाशी शेजारीण घोरपड ऊन खात पडली होती. तिने सगळे ऐकले होते; ती नेहमीच सगळे ऐकत असे.

"अगं सायाळे, विचार कसला करतेस? देऊन टाक. गाडी आली की तू पहिली, तू पहिली की स्वच्छ पाणी. कंद काय, परत मिळतील."

"उन्हाळ्यात?"

"मग नको देऊ. पण अस्वल रोज तुझ्या पोराला विचारतंय, काय रे, आईची गाडी कुठवर आली? ते पोर हल्ली त्या वाटेनं जातच नाही. तुला माहीत नसेल म्हणून सांगितलं."

हे मात्र सायाळीला लागले. ती तशीच बिळात शिरली, दोन कंद तोंडात धरले, बाकीचे पाठीवरच्या काट्यांना टोचले आणि पाठ वाकेल एवढा साठा घेऊन तळ्याकडे निघाली. मागून थोरल्या पिल्लाने हाक मारली, "आई, आपण कुठे राहायला चाललो?" ती तशीच चालत राहिली. तोंडात कंद होते.

काठावर कोल्हा वाटच पाहत बसला होता. कंद बघून त्याच्या जिभेला पाणी सुटले. सायाळीने ते खाली ठेवले, पण त्यावरचा पंजा उचलला नाही.

"आधी बसून बघते," ती म्हणाली.

"कशात?"

"गव्याच्या ठशात. गाडी याच मापाची होणार ना?"

"अहो, बसून काय बघायचंय? मोठी बैठक, आरामात बसाल!"

पण सायाळ उतरली होती. उतरली कसली, घरंगळली. गव्याच्या ठशाच्या तळाशी ती अशी दिसत होती, जशी मोठ्या रांजणात पडलेली एक चिंच. तिने पाय ताणले, कड लागेना. मान वर केली, तर आभाळाचा एक तुकडा आणि त्यात कोल्ह्याचे नाक. पुढचे काही दिसेना. याच्यात बसून उतारावरून सुटायचे, आणि वळण कुठे आले ते कोल्ह्याला ओरडून विचारायचे! वर येता येता तिला चांगलीच धाप लागली. मग काठावर उभे राहून तिने आपल्या स्वतःच्या भोकाभोकांच्या ठशाकडे पाहिले. तो गव्याच्या ठशाला अगदी लागून होता.

"कोल्होबा, गाडी गव्याची आहे. तिच्यात गवाच बसेल. मी माझी घेईन."

"पण तुमची पुढच्या वर्षी!"

"मग पुढच्या वर्षी," असे म्हणून सायाळीने एकेक कंद परत काट्यांना टोचला. एक कंद कोल्ह्याच्या पंजाखाली राहिला होता. तो तिने नम्रपणे मागितला, आणि मागताना पाठ त्याच्याकडे केली. कोल्ह्याने तो ताबडतोब दिला.

गव्याची गाडी मोराने घेतली. कोल्ह्याला त्याने वर्षाच्या शेंगा दिल्या, वर पिसाऱ्यातली निवडक पिसे दिली. ठशात बसून बघावे असे त्याच्या मनातही आले नाही. मातीने पिसारा मळला असता.

पळस फुलला, शर्यत लागली. सायाळ पिल्लांना घेऊन, सगळ्यांचे टोमणे ऐकत, उताराच्या कडेला उभी राहिली. मोराची गाडी सुटली मात्र, आणि सुतारपक्षी डोळ्यांवर पंख धरून म्हणाला, "अरेरे, तिला गवा लागतो!" गव्याच्या वजनाने जी चाके जमिनीला धरून राहायची, ती पहिल्याच दगडावर उसळली. आत मोर सुक्या भोपळ्यातल्या बीसारखा इकडून तिकडे वाजू लागला. घाबरून त्याने पिसारा उघडला. बस्स! वारा भरला, आणि गाडी मोरासकट आभाळात गेली. पाणवठा मागे पडला, ओढा मागे पडला, आणि पलीकडच्या उंबराच्या शेंड्यात ती जी अडकली, ती आजही तिथेच आहे. आता तिच्यात मधमाश्या राहतात. खोटे वाटत असेल तर खुशाल वर चढून बघा. पण मधमाश्यांना विचारून चढा.

त्या वर्षी ससा पहिला आला. सायाळीची पिल्ले अख्खा उन्हाळा गढूळ पाणी प्यायली. मात्र पोटभर कंद खाऊन प्यायली. आणि सायाळ? ती काही बिळात बसून दिवस मोजत नव्हती. रोज पहाटे ती टेकडीच्या माथ्यावर जाई आणि पायी खाली उतरे. कुठला दगड डुलतो, कुठे वाळू आहे, कुठल्या मुळाशी चाक अडेल, हे तिच्या तळपायांना पाठ झाले. काळ्या खडकाच्या वळणावर सगळे भिऊन उजवीकडे जातात आणि खड्ड्यात आपटतात, डावीकडची वाळू मात्र गाडीला अलगद वळवून देते, हे तिने तिथेच हेरले. पावसाळा आला तसे तिने आपल्या ठशावर पानांचे छप्पर घातले आणि गळेल तिथे पुन्हा शाकारले. बाकीच्यांचे ठसे विरघळले आणि त्यांना पुन्हा रांगेच्या शेवटी चिखलात बसावे लागले.

एकदा भर पावसात कोल्हा आला. "सायाळबाई, या पावसात तुमचा ठसा टिकायचा नाही. रानडुकराचा नंबर आहे. स्वस्तात लावतो."

"माझा ठसा कुठे आहे ते मला माहीत आहे," सायाळ छपरावर पान सारत म्हणाली. "वाटेत उभा राहू नकोस, तुझ्या अंगावरचा थेंब ठशात पडतोय."

पुन्हा पळस फुलला आणि सायाळीची गाडी आली. बैठकीच्या पाठीला प्रत्येक काट्यासाठी एकेक भोक होते. ती आत बसली ती शेंगेत दाणा बसावा तशी. गाडी हलली की सायाळ हले, सायाळ हलली की गाडी.

शर्यत सुटली. ससा पुढे, रानडुक्कर मागे, आणि त्यामागे सायाळ. काळ्या खडकापाशी ससा सवयीने उजवीकडे झुकला आणि खड्ड्यात अडकून ओरडला, "अगं, तिकडे नको, मरशील!" रानडुक्कर त्याच्यावर आपटले. सायाळीने दोर डावीकडे ओढला. वाळूने गाडी हातावर झेलावी तशी झेलली आणि खाली सोडली. त्यानंतर काय झाले ते कुणाला नीट दिसलेच नाही. गाडी पाणवठ्यावर पोचली, सायाळ उतरली, पाणी प्यायली, तिने तोंड पुसले, आणि मग कुठे तिच्या काट्यांचा खळखळाट टेकडीवरून खाली आला.

"आई, पाणी बघ!" धाकटे पिल्लू काठावर वाकून किंचाळले. "माझे पाय दिसतायत!" मागे अस्वल मुकाट्याने उभे होते. पिल्लू त्याच्याकडे वळून म्हणाले, "काका, कुठवर आली गाडी?"

कोल्हा हळूच सायाळीजवळ सरकला. "खरं सांगा, सायाळबाई. वशिला कुणाचा लावलात? वरचं काय दिलंत?"

"दिलं ना," सायाळ म्हणाली. "एक अख्खं वर्ष थांबले आणि रोज पायी टेकडी उतरले. पण ते माझं मी दिलं. पोरांचे कंद नाही दिले."

तात्पर्य : हव्या त्या वस्तूसाठी वरचे मोल सगळ्यांनाच द्यावे लागते. ते घरच्यांच्या घासातून न देता आपल्या धीरातून द्यावे. आणि थांबायचेच ठरले, तर थांबण्याचे दिवस रिकामे जाऊ देऊ नयेत.