घाटात थांबवलेली गाडी

कोल्हापुरात एकदा एका व्यापाऱ्याने एक मोडकी गाडी विकत घेतली आणि ती ट्रकवर घालून हिंदुराव मिस्त्रींच्या गॅरेजात आणून उतरवली. व्यापाऱ्याचे नाव बाळगोंडा पाटील. जयसिंगपुरात त्यांचा तंबाखूचा मोठा व्यवहार. गाडी अमेरिकन होती, एकोणीसशे एकोणसत्तर सालची. दोन दारे, लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचे इंजिन आणि डाव्या हाताला स्टिअरिंग. तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. पहिलवानाची छाती जशी सदऱ्यात मावत नाही, तसे या गाड्यांचे इंजिन त्यांच्या अंगात मावत नाही असे वाटते. धरणाच्या कामावर आलेल्या एका अमेरिकन अभियंत्याने ती बोटीने आणली होती. परत जाताना त्याने ती इथेच विकली, आणि पुढे दोन मालक होऊन ती गुळाच्या एका वखारीत पोत्यांमागे तीस वर्षे उभी राहिली.

हिंदुराव मिस्त्री तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु पंचक्रोशीतली कोणतीही जुनी मोटार शेवटी त्यांच्याच दारी येई. श्रेणिक मगदूम हा त्यांचा शिष्य. पस्तिशीचा हा अभियंता पुण्यातल्या मोटार कारखान्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे शिकायला आला होता. हाताचे कसब तो मिस्त्रींकडून शिकत होता, पण वाचन आणि शोध ही त्याची स्वतःची कमाई होती आणि तिचा त्याला अभिमानही होता.

पाटील म्हणाले, “मिस्त्री, ही साधीसुधी गाडी न्हवं. बॉनेटवरचे पट्टे बघा, बाजूचा बिल्ला बघा. शर्यतीसाठी म्हणून कंपनीनं मोजक्याच काढल्या हुत्या, त्यातली ही एक. पुढच्या वर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लाल रंगात उभी करायची.”

“असंल,” मिस्त्री म्हणाले. “उघडून बघू.”

श्रेणिकला उघडून बघण्याइतका धीर नव्हता. त्याने त्याच रात्री जुन्या पुस्तिका धुंडाळल्या. त्या साली ही गाडी दोन प्रकारांत निघे. एक शर्यतीची, दुसरी नेहमीच्या वापराची. दोघींची इंजिने बाहेरून बहिणी-बहिणींसारखी दिसत. खरा भेद इंजिनाच्या कडेला ठोकलेल्या दोन अक्षरांत असे. या गाडीवरची ती जागा गंजाने झाकलेली होती. तरीही पट्टे आणि बिल्ला पाहून श्रेणिकने अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाला ई-मेलने कळवून टाकले, ‘भारतात शर्यतीची एक गाडी सापडली आहे.’ आठवड्याभरात अभिनंदनाची पत्रे आली. ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षकाने तर ‘सविस्तर लिहा, आम्ही छापू’ असे कळवले. ते पत्र श्रेणिकने घरी आईवडिलांना वाचून दाखवले.

काम आठ महिने चालले. गंजलेली फरशी कापून नवा पत्रा जोडला, कार्बोरेटर तीनदा खोलला, ब्रेक नवे बसवले, इंजिन अगदी शेवटच्या नटापर्यंत सुटे करून पुन्हा बांधले. आतले काही भाग शर्यतीच्या मापाचे नव्हते, पण ते मधे कोणी बदलले असतील असे श्रेणिकने धरले, आणि अक्षरे पुसतील म्हणून कडेचा गंज तसाच ठेवला. गाडी चालू झाली त्या दिवशी शेजारच्या लेथवरची माणसे काम सोडून ऐकायला आली. आता रंग आणि आतली सजावट एवढेच उरले होते.

त्यासाठी श्रेणिकने मागची सीट उचकटली. स्प्रिंगांच्या जाळीत एक घडी घातलेला कागद अडकलेला होता. कडा उंदरांनी खाल्लेल्या, मधला भाग शाबूत. गाडी बनत असताना कारखान्यातल्या कामगारांसाठी निघालेला तो तक्ता होता. कोणते इंजिन बसवायचे, कोणता रंग द्यायचा, सारे त्यावर छापलेले. श्रेणिकने तो उजेडात धरून वाचला. इंजिन, नेहमीच्या वापराचे. रंग, फिकट हिरवा. पट्टे, नाहीत.

आता त्याने इंजिनाच्या कडेचा गंज अगदी हलक्या हाताने काढला. खालची दोन अक्षरे तेच सांगत होती. पट्टे आणि बिल्ला नंतर कोणा हौशी मालकाने लावले होते.

श्रेणिकने दोन दिवस तो कागद वहीत दाबून ठेवला आणि मिस्त्रींनाही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी पाटील आले, तेव्हा मात्र त्याने तो त्यांच्यापुढे धरला. मिस्त्री पलीकडे स्टुलावर बसून क्लचची तार ओवत होते.

पाटलांचा चेहरा उतरला. “गावभर सांगून बसलोय मी,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “कागद आणि कुणी बघितलाय?”

“कुणी नाही.”

“मग झालं तर! दोन अक्षरांचा तर सवाल हाय. घासायची आणि दुसरी ठोकायची. अक्षरं ठोकायचे पंच हायत न्हवं तुमच्याकडं?”

‘नाही’ म्हणायला श्रेणिकची जीभ रेटली नाही, कारण आदल्याच दिवशी त्याने त्या अक्षरांची उंची मोजून पाहिली होती. अमेरिकेतल्या लोकांना आपण काय लिहिले आहे, हे त्याला रात्रंदिवस आठवत होते. तो मिस्त्रींकडे वळून एवढेच म्हणाला, “आबा, तुम्ही सांगा. कुणाचं नुकसान तर होत नाही.”

हिंदुराव मिस्त्रींनी तार खाली ठेवली, हात पुसले आणि विचारले, “पेट्रोल हाय का गाडीत?”

“आहे. पण आबा, रंग नाही, बंपर नाहीत, मागं सीटसुद्धा...”

“मागं पोतं टाकून बस तू. पाटील, तुम्ही चालवायची. चला पन्हाळ्याला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्न एक आणि उत्तर भलतेच. पण मिस्त्री केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

रंगाआधीच्या मातकट प्रायमरातली ती गाडी शहराबाहेर पडली. सपाटीवर पाटील अजून अक्षरांचेच बोलत होते. घाट लागला, दोन वळणे गेली, आणि नेमक्या उभ्या चढणीवर मिस्त्री म्हणाले, “थांबवा.”

“इथं? अहो, चढ हाय!”

“म्हणूनच.”

पाटलांनी गाडी थांबवून हँडब्रेक ओढला. मागून आलेल्या जीपवाल्याने हॉर्न मारला आणि काहीतरी बोलून बाजूने निघून गेला. मिस्त्री निवांत होते. “आता दुसऱ्या गिअरात टाका आणि उचला. ॲक्सिलरेटर जास्त दाबायचा न्हाई.”

“मिस्त्री, बंद पडंल की! मागं जाईल!”

“गेली तर माझ्यावर.”

पाटलांनी श्वास रोखून क्लच सोडला. गाडी क्षणभर घुमली आणि नाक किंचित वर उचलून चढणीवरून निघाली. धक्का नाही, आदळआपट नाही. एखादा जाणता बैल मान खाली घालून भरली गाडी ओढतो तशी निघाली. पुढच्या वळणावर मिस्त्रींनी पुन्हा थांबवायला लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पाटलांनी त्यांच्या सांगण्याची वाटच पाहिली नाही. स्वतःच थांबवली, स्वतःच उचलली आणि लहान मुलासारखे हसले.

वर पोचल्यावर एका टपरीपाशी तिघे चहाला उतरले. मिस्त्री म्हणाले, “श्रेणिक, शर्यतीचं इंजिन असतं तर काय झालं असतं? तू वाचलंयस, तू सांग.”

श्रेणिकला सारे पाठ होते, पण ते त्याने कधी या बाजूने वाचलेच नव्हते. तो हळूहळू म्हणाला, “ते इंजिन खालच्या फेऱ्यांत, म्हणजे हळू फिरताना, दुबळं असतं, आबा. खूप पळवलं की मग जोर धरतं. त्या चढावर दुसऱ्या गिअरात... बंद पडलं असतं. नाहीतर क्लच जळला असता.”

“आणि ही?”

“हिचा जोर खालपासून आहे.”

मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला आणि मग ते बोलले. एरवी मितभाषी असलेल्या त्या वृद्धाचे ते बोलणे दोघांनीही पुढे अनेकांना सांगितले. “पाटील, गाडी तुमची. लाल करा, पिवळी करा, मला काय त्याचं? पण ती दोन अक्षरं तुमची न्हवंत. ती घासलीत तर उद्या हिला कुणीतरी शर्यतीची समजून पळवंल, आणि पळाली न्हाई की म्हणंल, हिंदुरावानं बांधणी कच्ची केली. जी चूक हिच्यात न्हाईच, ती हिच्या माथी बसंल. आज घाटात तुम्ही हसलासा ते कशावर? अक्षरांवर न्हवं. ही जी हाय तिच्यावर हसलासा.”

मग ते शिष्याकडे वळले. “आणि तू. आठ महिनं तू शोध केलास म्हणतोस. पहिल्याच दिवशी उत्तर ठरवलंस आणि मग त्याला साक्षीदार हुडकत बसलास. त्याला शोध म्हणत न्हाईत, बाळा, त्याला वकिली म्हणत्यात. खरा शोध त्या कागदानं सुरू झाला, आणि नेमका तोच तू वहीत दाबून ठेवलास.”

कागद वहीत होता हे आबांना कधी कळले, ते विचारण्याचे श्रेणिकला धैर्य झाले नाही. पाटलांनी गाडीकडे पाहत विचारले, “हिरवा म्हणजे कसला हिरवा?”

श्रेणिकने त्यांना गाडीपाशी नेले आणि डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला टॉर्च मारला. तिथे बोटभर जागेवर मूळचा रंग अजून टिकून होता. ज्वारीच्या कोवळ्या पानाचा असतो, तसा.

“अगा, हा तर झ्याक हाय!” पाटील म्हणाले. “हाच मारा. आणि ते पट्टे न्हाई आता.”

पाटलांचा निर्णय क्षणात झाला; श्रेणिकला मात्र आणखी एक काम उरले होते आणि ते घाटापेक्षा चढणीचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अमेरिकेतल्या मंडळाला लिहिले. ‘मी दिलेली माहिती चुकीची होती. गाडी नेहमीच्या वापराची आहे. पुरावा हाती नसताना मी तसे लिहिले, ही माझी चूक.’ सोबत त्या कागदाचे छायाचित्र जोडले. पत्र पाठवताना त्याचे कान तापले होते. पाठवल्यावर मात्र त्याला भूक लागली, आणि गेले चार दिवस आपण धड जेवलोच नाही हे त्याच्या लक्षात आले.

ओहायोच्या त्या शिक्षकाचे उत्तर पंधरा दिवसांनी आले. श्रेणिकने ते गॅरेजात मोठ्याने, मराठी करून वाचले. ‘शर्यतीच्या गाड्या मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या,’ वृद्ध शिक्षकाने लिहिले होते, ‘कारण त्या सर्वांनी जपल्या. साध्या गाड्यांना मात्र जो तो शर्यतीचे रूप देत गेला. तुमच्या हिरव्या गाडीसारखी, आपल्या मूळ कागदासह उरलेली, मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेली नाही. रंग दिल्यावर फोटो पाठवायला विसरू नका. माझ्या वडिलांकडे अशीच होती.’

मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “माणूस चांगला दिसतोय. फोटो उन्हातला काढ, सावलीत हा रंग मेल्यागत दिसतोय.”

प्रदर्शनात त्या गाडीला बक्षीस मिळाले नाही. तिच्या एका बाजूला संस्थानी काळातली चंदेरी मोटार होती, दुसऱ्या बाजूला लालभडक परदेशी गाडी. गर्दी तिकडेच होती. दुपारी एक गृहस्थ हिरव्या गाडीपाशी थांबले, भोवती फिरून आले आणि जाणत्या आवाजात पाटलांना म्हणाले, “ही शर्यतीची का?”

श्रेणिक शेजारीच उभा होता. पाटील काय सांगतात, ते तो कान देऊन ऐकू लागला.

“न्हाई न्हाई, साधी हाय,” बाळगोंडा पाटील म्हणाले आणि त्यांनी उजवीकडचे दार उघडले. “घाटात लई गुणी. वेळ असंल तर बसा, दाखवतो.”