आधी फोल

एकदा एक तांदळाचा व्यापारी गावाबाहेरच्या आश्रमात एका वृद्ध आचार्यांकडे आला. दुकान मुलांच्या हाती सोपवल्यापासून त्याला घरात कोणी काही विचारीत नसे. आता घर कायमचे सोडावे, असे त्याने ठरवले होते.

"महाराज, काल धाकटा म्हणाला, 'बाबा, तुमचं सगळं बोलणं फोल.' जन्मभर तांदूळ विकला, पण हा शब्द असा कधी लागला नव्हता. फोल म्हणजे नेमकं काय हो?"

आचार्यांचा शिष्य शब्दशास्त्रात पारंगत. विचारायचीच खोटी! "फोल म्हणजे धान्याचे टरफल. दाणा गेला की मागे उरते ते. आत काही नाही, म्हणून व्यर्थ." उचलली जीभ, लावली टाळ्याला. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

आचार्य उठले आणि दोघांना भातशेतात घेऊन गेले. लोंब्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. त्यांनी एक हिरवे फोल खुडून शिष्याच्या तळहातावर ठेवले.

"उघड. यातला दाणा कुठे गेला?"

शिष्याने ते नखाने उकलले. "गेला नाही, आचार्य. अजून आलाच नाही."

"मग हे मागे उरलेले कसे?"

शिष्याने ते रिकामे फोल पुन्हा उलटून पाहिले.

आचार्यांनी झोळीतून हातसडीच्या तांदळाचा एक दाणा काढून व्यापाऱ्याला दिला. "शेटजी, आधी फोल होते, रिकामे. ते घटकाभर उमलले, मिटले, मग त्याच्या आत दूध भरले आणि दुधाचा दाणा झाला. फोलाने जिथे थांबवले, तिथे तो वाढायचा थांबला. या दाण्यावर बारीक रेघा आहेत, त्या फोलाने घट्ट धरल्याच्या खुणा. हा शिष्य सांगतो तो अर्थ उखळापाशी, टरफल निघाल्यावर ठरला. शेतात येऊन कोणी विचारलेच नाही."

व्यापाऱ्याने दाणा उन्हात धरला. इतकी पोती हातांखालून गेली, पण त्या रेघा त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. शिष्यही वाकून पाहत राहिला.

व्यापारी हळूच म्हणाला, "धाकटा तराजू धरताना करंगळी उचलतो. मीही तशीच उचलायचो."

तो दाणा मुठीत घेऊन तो घराच्या वाटेला लागला.

आपल्यावरच्या रेघा कोणाच्या, हे प्रत्येकाने एकदा उन्हात धरून पाहावे.