दोन मुळांचा भोपळा

धामणगडच्या राजांनी भर दरबारात सांगून टाकलं, की येत्या दसऱ्याला गडाच्या बागेत चार गड्यांना उचलवणार नाही एवढा भोपळा दिसला पाहिजे. बियाणं गडाचं, वाफा गडाचा, आणि बाहेरून ओंजळभर मातीसुद्धा वर आणायची नाही. भोपळा झाला नाही, तर गेनू माळ्यानं चंबूगबाळं आवरावं आणि बागेतली खोली रिकामी करावी.

याला कारण राजांचे सासरे, बोरखळीचे जहागीरदार मामासाहेब. माणूस मोठा चेष्टेखोर. त्यांनी बैलगाडीत घालून एक अवाढव्य भोपळा जावयाला पाठवला, वर निरोप धाडला की तुमच्या खडकावर एवढा कुठला व्हायला! तेव्हापासून राजे धुमसत होते. आणि राजे असे हट्टी, की तोंडातून गेलेला शब्द स्वतःला जड झाला तरी मागे घ्यायचे नाहीत.

गेनूनं घरी येऊन डोक्याला हात लावला. गडावर माती ती केवढी? एक वीत, आणि खाली सगळा काळा कातळ. तिथला भोपळा फार तर घागरीएवढा व्हायचा. चाळीस वर्षं त्या बागेत काढलेला म्हातारा, आता या वयात जाणार कुठं? त्याची लेक सारजा भाकऱ्या थापत होती. बापाचा उतरलेला चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, "आबा, माती आणायची नाही म्हणाले. मुळाचं काही बोलले का?"

मुळाचं तर कुणीच काही बोललं नव्हतं.

बागेची भिंत संपते तिथं खाली उतारावर पागा होती, आणि पागेमागं पिढ्यान्‌पिढ्यांचा उकिरडा. राजांनी स्वतःच्या हातानं वाफ्यात बी टोचलं, त्याच दिवशी सारजानं उकिरड्यावर साधं गावठी बी टोचलं. वरचा वेल रडतखडत वाढला. खालचा असा माजला, की भिंत चढून आपण होऊन बागेत डोकावला. सारजानं त्याला हळूहळू वाफ्यापर्यंत आणला. मग दोन्ही वेलांची साल एकेका अंगानं तासली, जखमेला जखम भिडवली, केळीच्या सोपटानं बांधली आणि वर शेणमाती लिंपली. आंब्याची भेटकलमं गेनूनं शेकड्यानं बांधली होती, पण वेलाला कलम? वेल कुजेल गं, असं तो रोज म्हणायचा. पहिली दोन कलमं कुजलीसुद्धा. तिसरं धरलं. सारजानं खालच्या वेलाचा शेंडा कापून टाकला, वरच्या वेलावर एकच फळ राखलं आणि बाकीची खुडली.

मग काय विचारता! दोन मुळांचं खाणारा तो भोपळा भादव्यात पाटाएवढा झाला आणि नवरात्रात बसलेल्या वासराएवढा. दसऱ्याला चार गडी त्याला भिडले, घामाघूम झाले आणि माना खाली घालून बाजूला उभे राहिले.

राजांनी मिशीला पीळ दिला. मामासाहेब मुद्दाम बघायला आले होते. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. भोपळ्याकडे न बघता त्यांनी वेल हातात धरला आणि त्याच्या मागोमाग चालू लागले. कलमाची गाठ चाचपली, भिंतीपाशी गेले, पलीकडे वाकून बघितलं आणि खो खो हसत सुटले. म्हणाले, "राजे, तुमचा भोपळा उकिरड्यावर जेवतो की!"

राजे लालबुंद झाले. कलम सारजानं बांधलं हे कळताच, सासऱ्यादेखत माझं नाक कापलंस, म्हणून तिच्यावर कडाडले. सारजानं शांतपणे सांगितलं, की बियाणं सरकारांचं, वाफा सरकारांचा, मातीचा कणही वर आलेला नाही.

"माती नाही आली, मूळ तर आलं ना?" मामासाहेब म्हणाले. "बाहेरचं मूळ जोडलेला वेल गडाचा कसा? मी नाही मानत."

राजांनी गेनूला खोली रिकामी करायला फर्मावलं. म्हातारा पागोटं सावरत खोलीकडे वळला. ते बघून सारजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पदर खोचला.

"जहागीरदारसाहेब, रागावणार नसाल तर एक विचारते. तुम्ही लेक दिलीत ती कुणाला? धामणगडच्या राजांना, का पिंपरीच्या पाटलाच्या मुलाला?"

थोरल्या महाराजांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पिंपरीच्या पाटलाचा सहा वर्षांचा मुलगा दत्तक आणून गादीवर बसवला होता. तेच हे राजे. साऱ्या मुलखाला हे ठाऊक होतं, पण राजांसमोर बोलायची कुणाची टाप नव्हती. गेनूनं तर डोळेच मिटून घेतले.

मामासाहेब पेचात पडले. पाटलाच्या मुलाला म्हणावं तर जावयाचा अपमान, आणि लेकीचाही.

"राजांना," ते पुटपुटले. "अर्थात राजांनाच."

"मग हेही तसंच झालं. गडाचा वेल सुकत चालला होता. बाहेरचं एक चांगलं मूळ आणून जोडलं आणि वेल पुन्हा फळाला आला. तो वेल गडाचा नाही म्हणायची माझी तर छाती नाही. तुमची आहे का?"

राजांच्या मिशा आधी हलल्या, मग खांदे हलले, आणि मग ते असे हसले की पगडी तिरकी झाली. मामासाहेबांनाही हसू आवरेना.

राजांनी बागेचा सगळा कारभार सारजाच्या हाती दिला, पागेमागची जमीन तिच्या नावे केली, आणि खोली गेनूला हयातभरासाठी दिली. भोपळा फोडायला दोन सुतार लागले. त्याचे घारगे गडावर तीन दिवस तळले जात होते. मामासाहेबांनी एकट्यानं अकरा खाल्ले, आणि निघताना सारजाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चार दिवस बोरखळीला येशील का गं, कलमं बांधायला?"